अयुथ्येची चटणी

आमच्या दूध संस्थेची खोली रिकामी करून द्यायची होती. संस्था बंद पडून बरीच वर्षं झाली. खोली ग्रामपंचायतीची, त्यांना आता तिथं खताची पोती ठेवायची आहेत. शेवटचं कुलूप मीच लावलं होतं, म्हणून ते काढायलाही मलाच बोलावलं. शटर अर्ध्यावर अडकलं. वाकून आत गेले तर तोच वास. इतक्या वर्षांत त्या खोलीत दुधाचा थेंब आलेला नाही, पण फरशीच्या सांध्यांत मुरलेलं आंबूस दूध, धुण्याचा सोडा, सरकी पेंड, ओलं गोणपाट, सगळं जागच्या जागी होतं. कॅन ठेवायच्या कट्ट्यावर मी बसले. गुडघे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. आणि उठून आवराआवर करावी असं वाटेचना.

समोरच्या भिंतीवर एक फोटो होता. फ्रेमचा एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. फोटोत चाळीसेक पुरुष, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच पेंड कंपनीच्या पिवळ्या टोप्या, आणि पुढच्या रांगेत दोन बायका. एक मी, नव्या पंजाबी ड्रेसमध्ये अवघडलेली. दुसरी सुभद्राअक्का. नऊवारी लुगडं, गळ्यात तुळशीची माळ, आणि डोक्यावरच्या पदरावर तीच पिवळी टोपी. मागं विटांचं एक पडकं देऊळ. ते देऊळ आपल्याकडचं नाही. थायलंडमधल्या अयुथ्या नावाच्या गावातलं आहे.

बीड जिल्ह्यात तेलगावच्या पुढं आत वळलं की आमचं गाव. महिला दूध संस्था निघाली तेव्हा मी तिशीतली होते, बारावी झालेली सून म्हणून मला सचिव केलं. अक्का अध्यक्ष. ती धनगराच्या घरची, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. सही करायला तिला एवढा वेळ लागायचा की तोवर माझा चहा निवायचा. पण दुधात बोट बुडवून ती फॅट सांगायची आणि यंत्र नंतर तेच सांगायचं. सकाळी झुंजूमुंजू झालं की पहिला आवाज कॅनच्या झाकणाचा, मग सायकलींच्या घंट्या, मग बायकांची बोलणी. ओलेत्या पायांचे ठसे फरशीवर उमटायचे आणि वाळायच्या आत त्यावर दुसरे उमटायचे. ते दिवस डोळ्यांपुढं आले की मला सगळ्यात आधी तो ओला, पांढरा, गजबजलेला उजेड दिसतो. त्यात कुणाचं तोंड स्पष्ट नसतं, फक्त अक्काचं.

मग ती लागोपाठची कोरडी वर्षं आली. विहिरींचे तळ दिसले, तळांतल्या भेगा दिसल्या. ऊस जनावरांपुढं पडला. दूध घटत घटत एका कॅनवर आलं. अक्काचे मालक मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेले, कारण दुष्काळातल्या चारा छावणीत मोठी जनावरंच घ्यायचे, मेंढरांना जागा नव्हती. अक्का तीन गाया आणि एक म्हैस घेऊन छावणीत राहायला गेली. हिरव्या जाळीखाली रांगेनं बांधलेली जनावरं, उसाच्या चिपाडांचा गोडूस कुजका वास, धूळ, आणि टँकर आला की धावणाऱ्या घागरींचा आवाज. अक्का तिथून रोज सकाळी दोन कोस चालत संस्थेत यायची. एक कॅन दूध असो की नसो, अध्यक्षानं हजर राहायचं असा तिचा नियम.

चारा नव्हता म्हणून आम्ही बायकांनी पेंडीवर पेंड घेतली होती. त्या वर्षी आसपासच्या सगळ्या संस्थांमध्ये सगळ्यात जास्त पेंड आमच्याच संस्थेनं उचलली, आणि कंपनीनं बक्षीस लावलं: दोन माणसांना चार दिवस थायलंड. दुष्काळानं आम्हाला परदेशी पाठवायचं ठरवलं होतं. पत्र वाचून मला हसावं की काय करावं कळेना.

अक्का म्हणाली, "जनावरं छावणीत आन मी इमानात? खुळी झालीस का?"

ती गेली नसतीच. पण गावातले एक पुढारी त्या दिवशी मुद्दाम संस्थेत आले. त्यांच्यासाठी खुर्ची पुसली, चहा आणला. ते म्हणाले, "अक्का, तिकडं बायामाणसाचं काम न्हाई. तिकिटं आमच्या पोरांच्या नावावर करू. तुमाला काय, तुमी नारायणगडाला दर्शनाला जावा, जीपची सोय मी करतो."

अक्कानं त्यांचा चहा संपू दिला. ते गेल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, "कावून न्हाई बायामाणसाचं काम? पेंड कुणी उचलली, त्यांनी? लिही, दोगी जाणार म्हणून."

सुनेनं जनावरांकडं बघायचं कबूल केलं. पासपोर्टच्या फोटोला अक्का पदर मागं सारायला तयार नव्हती. फोटोवाल्यानं हात जोडले तेव्हा कुठं कान दिसण्यापुरता सरकवला.

निघताना तिनं पिशवीभर दशम्या घेतल्या, शेंगदाण्याची चटणी, थोडा गूळ. ती माळकरी. मांसमच्छर तर सोडाच, कांदा-लसणालाही एकादशीच्या आसपास हात लावायची नाही. "चार दिस हायेत, दशम्यावर निघत्याल," ती म्हणाली.

विमानाचं मला फार आठवत नाही. आठवतं ते उतरल्यावर अंगावर आलेलं ओलं, जड, गरम वारं. आमच्याकडची उष्णता कोरडी, घशाला चिरे पाडणारी. तिथली अंगाला चिकटायची. अक्कानं हवेत हात फिरवला आणि तळवा बघितला. "हवेतबी पानी हाय गं हितं," ती म्हणाली.

हॉटेलच्या खोलीतल्या न्हाणीत बादली नव्हती, वरून पाणी पडायचं. मी अंघोळ करत होते तर अक्का दारावर थापा मारायला लागली. "आगं बंद कर, बंद कर, किती वतती!" तिची पाळी आली तेव्हा ती कचऱ्याची प्लास्टिकची बादली घेऊन आत गेली. त्यात पडेल तेवढ्या पाण्यात तिनं अंघोळ केली, त्याच पाण्यात लुगडं धुतलं आणि उरलेलं पाणी कुठं टाकावं म्हणून खोलीभर बघत उभी राहिली. झाड नव्हतं. शेवटी तिनं ते गच्चीवजा कठड्यावरच्या कुंडीत ओतलं. कुंडीतलं झाड कापडाचं होतं, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्या चाळीस जणांना दाखवायला एक थाई बाई होती. तिचं नाव नोक. बारीक, सावळी, सतत हसरी. हिंदी सिनेमे बघून बघून ती हिंदी शिकली होती. अक्काला ती "माताजी" म्हणायची आणि पायऱ्या आल्या की काही न विचारता तिचं कोपर धरायची. बाकीचे पुरुष देवळांना कंटाळायचे, बसमध्येच एसी लावून बसायचे. मग देवळात आम्ही तिघीच.

पहिल्या देवळात आडवा पहुडलेला बुद्ध होता. सोन्याचा, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसू नये एवढा लांब. आत उदबत्त्यांचा आणि कमळांचा वास, आणि कुठूनसा सतत टण् टण् टण् असा आवाज. लोक रांगेनं ठेवलेल्या काशाच्या भांड्यांत नाणी टाकत चालले होते. अक्का देवाच्या तोंडाशी नाही थांबली, पायांशी जाऊन थांबली. दोन तळवे, एकेक आमच्या संस्थेच्या भिंतीएवढा, त्यांवर शिंपल्यांची नक्षी.

"ह्यो झोपलाय का?" तिनं विचारलं.

नोकनं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, शेवटच्या दिवसाबद्दल, शांतीबद्दल. अक्कानं मान हलवली. "दमलाय त्यो," ती म्हणाली. "लई उबा राहिला आसंल." आणि हात जोडून इतका वेळ थांबली की मागची माणसं वळसा घालून जाऊ लागली.

मला वाटतं, तिथं तिला तिचा स्वतःचा थकवा दिसला. मलाही दिसला. घरी दमायला वेळच नव्हता. परक्या गावात, सोन्याच्या पायांशी, आम्ही दोघी पहिल्यांदा दमलो.

मग नदी. होडीतून दुसऱ्या काठावरच्या देवळाला जायचं होतं. पाणी मातकट, जाड, काठाला धडका मारणारं, त्यावर भाताच्या, वाळूच्या होड्या चाललेल्या. अक्का कठड्याला धरून पाण्याकडं बघत बसली. अर्ध्यात आल्यावर हळूच तिनं एक हात खाली सोडला. बोटांना पाणी लागलं तसा चटका बसल्यासारखा वर घेतला. "म्हशीनं सकाळी पानी पिलं आसंल का गं?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दशम्यांवर हिरवी बुरशी आली. तिथल्या ओलाव्यात त्या टिकणार नव्हत्या. अक्कानं एकेक दशमी उलटीपालटी करून बघितली, चांगला भाग तोडून खायचा प्रयत्न केला, मग सगळ्या पिशवीत बांधून ठेवल्या. टाकवल्या नाहीत तिच्याच्यानं. रात्रीचं जेवण कंपनीनं एका हिंदी हॉटेलात ठेवलं होतं, पण तिथं एकाच पळीनं कोंबडीचा रस्सा आणि वरण वाढत होते, ते अक्कानं पाहिलं आणि ताट सरकवलं. तेव्हापासून ती केळ्यांवर आणि पेरूवर होती. मी समजावलं. ती म्हणायची, "उपास काय मला नवा हाय?"

तिसऱ्या दिवशी अयुथ्या. नोकनं नाव सांगितलं तेव्हा अक्का एकदम सावध झाली, "आयोद्या?" नोक म्हणाली, "हां माताजी, वहीं से नाम आया." अक्कानं पदर सारखा केला. पण बसमधून उतरल्यावर समोर माळ होता. माळभर विटांची पडकी देवळं, काळवंडलेली, आणि ओळीनं बसलेले बुद्ध, ज्यांना डोकी नव्हती. कधीतरी लढाईत तोडली म्हणे. धड तेवढं ध्यानाला बसलेलं. विटा उन्हानं तापून भट्टीसारखा वास येत होता. अक्का एकेका धडापुढं थांबून नमस्कार करत चालली. मी म्हटलं, सगळ्यांना करायची गरज नाही. ती म्हणाली, "डोकं न्हाई म्हून देव न्हाई व्हय?"

पाचव्या की सहाव्या मूर्तीपुढं वाकली ती वर आलीच नाही. खाली बसली. तोंड मातीसारखं झालं होतं, ओठ पांढरे. मी आणि नोकनं तिला धरून एका झाडाखाली नेलं, नोकनं तिच्या मानेवर पाणी मारलं. कालपासून नुसत्या केळ्यांवर असलेली पन्नाशीची बाई. मी घाबरले. इथं हिला काही झालं तर गावाला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात.

झाडापासून दहा पावलांवर एक म्हातारी गाडा लावून बसली होती. तिच्यापुढं मातीचं उंच उखळ होतं, हातात लाकडी मुसळ. कच्ची पपई उभी धरून सुरीनं सपासप चिरे पाडून तिचा कीस काढायची. मग उखळात लसूण, हिरव्या मिरच्या, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, भाजके शेंगदाणे, चिंचेचा कोळ, ताडाचा गूळ. ठक् ठक् ठक्. तो आवाज ऐकून अक्कानं डोळे उघडले. लसूण-मिरची ठेचल्याचा वास आमच्यापर्यंत आला. बीड असो की थायलंड, त्या वासाला भाषा लागत नाही.

"ठेचा करायली का ती?" अक्कानं विचारलं.

मी नोकला सांगितलं, माताजी मांस-मासा काही खात नाहीत. नोकनं जाऊन म्हातारीला सांगितलं, म्हातारीनं सुक्या झिंग्यांची वाटी बाजूला सरकवली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग केळीच्या पानावर ती चटणी आली आणि वेताच्या टोपलीतला चिकट भात. अक्कानं भाताचा गोळा केला, चटणीत बुडवला, तोंडात टाकला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीचं. नाकातून सू सू करत तिनं दुसरा घास घेतला. तिसरा. तोंडावर रंग यायला लागला. म्हातारी मुसळ धरून तिच्याकडं बघत होती, आणि दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

तेवढ्यात नोक माझ्या कानाशी वाकली. "दीदी, झींगा नहीं डाला. लेकिन मछली का पानी तो थोड़ा होता है. उसके बिना बनता नहीं. मुझे अभी याद आया. माताजी को बोलूँ?"

अर्धं पान अजून बाकी होतं. अक्का बोटं चाटत होती. मी नोककडं बघितलं आणि मान हलवली. नको.

एवढंच घडलं. एक मान हलवणं. नंतर मी स्वतःला शंभर कारणं दिली. ती मेली असती, अजाणता खाल्लेलं लागत नाही, देव समजून घेईल. पण तेव्हा त्यांतलं एकही कारण माझ्या मनात नव्हतं. फक्त ती खातेय, खाऊ दे, एवढंच होतं.

अक्कानं आणखी एक पान मागितलं.

निघायच्या दिवशी तिनं स्वतःहून नोकला विचारलं, "ते सोमतात्या मिळतं का हितं?" पदार्थाचं नाव सोमतम. अक्कानं त्याला भावकीतल्या म्हाताऱ्याचं नाव देऊन टाकलं होतं. या वेळी मी आधीच नोकला बाजूला घेऊन सांगितलं, ते पाणी अजिबात नको, नुसतं मीठ. अक्कानं एक घास खाल्ला आणि थांबली. "कालच्यावानी न्हाई," ती म्हणाली. "हिच्या हाताला चव न्हाई." मी खाली बघून खात राहिले.

घरी आलो तर छावणीत तीच धूळ, तोच टँकर. म्हैस बरी होती. अक्का गायांच्या गळ्यांत पडून आली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दोन कोस चालायला लागली. पण आता तिच्याकडं सांगायला काहीतरी होतं. संध्याकाळी चुली पेटल्या की छावणीतल्या बाया तिच्याभोवती जमायच्या. झोपलेला देव, डोक्याविना बसलेले देव, नदी. आणि सगळ्यात शेवटी सोमतात्या. ऐकून ऐकून बायांनी हट्ट धरला, करून दाखव. कुणाच्या तरी परसातलं पपईचं झाड पाण्यावाचून वाकलं होतं, त्याची कच्ची फळं आणली. अक्का उखळात ठेचायला बसली. चिंच, गूळ, शेंगदाणे, मिरची. बाया सू सू करत खायच्या, हसायच्या, चार घास जास्त भाकरी खायच्या. त्या रणरणीत उन्हाळ्यात त्या पालांत एवढं हसू दुसरं कशानं आलं नसेल. अक्का मात्र चाखून बसून राहायची.

"समदं घातलंय," ती मला म्हणायची. "तरी कायतरी कमी हाय. तुला काय वाटतंय, शेक्रेटरी?"

तिनं कारळं घालून बघितलं. खोबरं घातलं. चिंच भाजून घातली. जुन्या लोणच्याचा खार घातला. प्रत्येक वेळी माझ्यापुढं वाटी धरायची. "तू व्हतीस की तिथं. तू सांग." मी म्हणायचे, पाण्याचा फरक असेल. ती म्हणायची, "हां, पाण्याचा आसंल." आणि पुन्हा दोन दिवसांनी काहीतरी नवं घालून वाटी घेऊन यायची. तिचा भाबडा शोध चालू होता आणि उत्तर माझ्या तोंडात होतं. मला झोप लागेनाशी झाली. तिच्या गळ्यातल्या माळेकडं बघवेना.

एकादशीला आम्ही दोघी नारायणगडाला गेलो. जीपमधून उतरून चढ चढत होतो. वारा तापलेला, खाली माळ उघडाबोडका, वर टाळांचा आवाज. अक्का मध्येच थांबून म्हणाली, "मला वाटतंय त्यात कसलंतरी पानी घालत व्हती ती म्हातारी. बाटलीतलं. तू बगितलंस का?"

मी सांगून टाकलं. सगळं. नोक काय म्हणाली, मी काय केलं.

तिनं माळ मुठीत धरली. वर गेली, मी मागं मागं. तिनं गडावरच्या महाराजांपुढं माळ काढून ठेवली आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, दुसरी माळ घातली. येताना जीपमध्ये ती माझ्याकडं पाठ करून बसली. मला वाटलं, मी हिचा देव बाटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळी संस्थेत आली. एकच कॅन होता. तो गाडीत चढवून झाल्यावर ती कट्ट्यावर बसली.

"मासा पोटात गेला, त्याचं पांडुरंग बगून घील," ती म्हणाली. "त्याचा मला राग न्हाई."

मी उभीच.

"तू गप बसलीस, त्याचा हाय. छावणीत जनावराला हिरवं टाकायचं का वाळलं, कुणी आमाला इचारत न्हाई. टँकर कवा यायचा, कुणी इचारत न्हाई. तिकिटं कुणाला द्यायची तेबी त्यांनीच ठरवलं व्हतं. उपाशी माणसाचं समदं दुसऱ्यांनीच ठरवायचं. आन तू, तूबी त्यातलीच निगालीस." तिनं पदर सारखा केला. "मी कदाचित खाल्लंबी आसतं. जीव चाललाय म्हणल्यावर. पण ते मी ठरवलं आसतं. माजी भूक माजी हाय, शेक्रेटरी."

त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. दूध किती, गाडी आली का, सही कुठं करू. चटणी तिनं पुन्हा केली नाही. बायांनी विचारलं तर म्हणायची, विसरले. पुढच्या साली पाऊस झाला, छावणी उठली, जाळ्या काढल्या, मालक मेंढरं घेऊन परत आले. दोन कॅन झाले, मग चार. ओलेत्या पायांचे ठसे पुन्हा फरशीवर दिसू लागले. आम्ही दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो आणि मध्ये ते सगळं पडलेलं असायचं. मी माफी मागितली नाही असं नाही. तीनदा मागितली. ती "बरं" म्हणायची आणि उठून कॅन मोजायला जायची.

आता अक्का नाही. तिच्या मागं संस्थाही फार टिकली नाही. खाजगी डेअरीच्या गाड्या दारापर्यंत यायला लागल्या आणि एकेक बाई तिकडं गेली, त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. त्या रिकाम्या खोलीत बसून मला थायलंडची आठवण आली, सोन्याच्या पायांची, त्या मातकट नदीची. पण जिच्यामुळं मी शेवटपर्यंत त्या टेबलाशी बसले, ती आठवण तिकडची नाही. ती याच खोलीतली आहे.

अबोल्याचं ते वर्ष संपता संपता संस्थेची सर्वसाधारण सभा होती. सतरंजीवर शंभरेक बाया, दारात पाच-सहा पुरुष, आणि खुर्चीवर तेच पुढारी, पाहुणे म्हणून. विषय संपत आले तेव्हा ते खाकरले. म्हणाले, संस्था आता वाढतेय, सचिव जाणकार पाहिजे, आमचा पुतण्या कॉमर्स झालाय, त्याला घ्या. बायांनी एकमेकींकडं बघितलं. मी वहीत मान घालून लिहीत होते. अध्यक्षांनी हो म्हटलं की झालं, आणि अध्यक्ष माझ्याशी वर्षभर कामापलीकडं बोलत नव्हत्या.

"काय अक्का?" पुढारी म्हणाले. "घ्यायचं का ठरवून?"

अक्का उठली. पदर खोचला.

"शेक्रेटरी बदलायची न्हाई," ती म्हणाली.

"कावून?"

"ती खोटं बोलत न्हाई."

"आता खरंखोटं कुणाच्या पोटात शिरून बगायचं अक्का," ते हसून म्हणाले.

"माज्या पोटात शिरून बगा," अक्का म्हणाली. "एकदा ती गप बसलती. एकदाच. आन खोटं बोलून सुटता आलं आसतं तवा, तिनंच मला समदं सांगितलं. तुमी आजपत्तोर आमाला न सांगता काय काय केलं, ते एकतरी यून सांगितलंय का तुमी?"

बायांना त्यातलं निम्मं कळलं नाही. पण शेवटचं वाक्य सगळ्यांना कळलं. सतरंजीवर हसू फुटलं आणि ते थांबेना. पुढारी खुर्चीत मागं सरकले.

अक्का माझ्याकडं वळली. वर्षभरानं पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं.

"पण आदी तिला इचारा," ती म्हणाली. "राहायचंय का?"

मी पेन खाली ठेवलं. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. अक्का उभीच राहिली, घाई न करता, जेवढा वेळ लागेल तेवढा.

"राहायचंय," मी म्हटलं.

"मग लिही," अक्का म्हणाली, आणि खाली बसली.